शेवटच्या पगारावर दरोडा

ड्रायव्हरने नोकरी सोडली की मालकाला गाडीवरचा एकूण एक ओरखडा आठवतो. डावीकडचा आरसा कित्येक महिन्यांपासून तडकलेला असतो, बंपर पावसाळ्याआधीच दबलेला असतो, स्टेपनी कधीच बाद झालेली असते. तोवर त्यांची किंमत कोणी मागत नाही, कारण गाडी धंद्यावर असते आणि ती चालवायला माणूस हवा असतो. पण "सेठ, हिसाब कर दो, अगले महीने से नहीं आऊँगा" एवढे शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले की मुंशीची वही उघडते आणि महिनाभराच्या घामावर काट मारली जाते. रायपूरच्या भनपुरीत हेच चालते, टाटीबंधला हेच, उरला आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या फाटकाबाहेरही हेच. धंद्याने याला रिवाज म्हणून अंगवळणी पाडून घेतले आहे. आम्ही याला चोरी म्हणतो. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा पुराव्याशिवाय, त्याचे म्हणणे ऐकून न घेता, तो पुन्हा आपल्या दारात उभा राहणार नाही हे हेरून दाबून ठेवणे याला चोरीशिवाय दुसरा शब्द नाही, आणि तो उच्चारायला लाजण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.

हा हिशेब होतो कसा, ते जवळ जाऊन पाहा. टेबलावर बिलबुकाचे एक पान फाडले जाते. वर पगार लिहिला जातो. समजा 16,000 रुपये. त्याखाली रांग लागते. उचल 3,000, ती खरी असते आणि ड्रायव्हर ती नाकारत नाही. मग आरसा, मग बंपर, मग डेंटिंग-पेंटिंग, मग फुटलेला टायर, मग डिझेल 'शॉर्ट'. एकाही रकमेपुढे तारीख नसते. गॅरेजचे बिल नसते, फोटो नसतो, गाडी त्या दिवशी कुठे होती याची नोंद नसते. बेरीज पगाराच्या वर गेली की मुंशी सांगतो, उलट तुझ्याकडेच 1,800 निघतात, पण जा, सेठने सोडले. मग त्याच पानाच्या तळाशी त्याची सही घेतली जाते: हिशेब समजला, काही येणे बाकी नाही. सही झाली की कपाटातून त्याचे मूळ लायसन्स बाहेर येते. नोकरीला लागला त्या दिवशी ते 'जमा' करून घेतले होते. त्या कार्डाशिवाय त्याला दुसरीकडे स्टिअरिंगला हात लावता येत नाही, म्हणून तो सही करतो. त्या सहीला संमती म्हणणाऱ्याने आधी तिच्याशेजारी ठेवलेल्या लायसन्सकडे पाहावे.

इथे मालक फिर्यादी आहे, मालक साक्षीदार आहे, नुकसानीचा अंदाज बांधणारा मालक, निकाल देणारा मालक आणि दंड वसूल करणाराही मालकच. पाचही खुर्च्यांवर एकच माणूस बसला आहे आणि समोर उभा आहे तो हातावर पोट असलेला एकटा ड्रायव्हर. त्याच्या खोलीचे भाडे थकले आहे, गावी पैसे पाठवायचे आहेत, नव्या ठिकाणचा पहिला पगार अजून महिनाभर लांब आहे. नेमक्या या महिन्यात त्याचा जुना पगार अडवला जातो. इतर कुठल्याही महिन्यात कापला असता तर तो भांडला असता, गाडी उभी करून गेला असता, चार साथीदार गोळा केले असते. जाताना त्याच्या हातात काहीच उरत नाही, म्हणून हाच मुहूर्त गाठला जातो.

आणि गाडीचे नुकसान होते कशाने? कोरब्याच्या गेवरा-दीपका खाणींतून कोळसा भरून निघालेली गाडी सुमारे 200 किलोमीटर रस्ता तोडून सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांत येते. खाणीच्या रांगेत रात्र जाते, रिकामी होण्याच्या रांगेत दिवस जातो, मधला वेळ भरून काढायला झोप कापली जाते. मे महिन्यात डांबर तापलेले असते, आणि त्यावर धावतात ते रिमोल्ड केलेले टायर, ज्यांच्यावर नवा पट्टा कितव्यांदा चढवला हे फक्त मालकाला ठाऊक असते. कमानीचे पट्टे वजनाने तुटतात, ते वजन ड्रायव्हर ठरवत नाही. ब्रेकचे लायनर झिजतात, ते बदलण्याचा हुकूम ड्रायव्हरच्या हातात नसतो. कारखान्याच्या आवारात लोडर मशीनचा बकेट गाडीच्या बाजूला घासतो, त्या मशीनवर ड्रायव्हरची सत्ता नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. ती मर्यादा रायपूरच्या किती गाड्यांनी पाळली, हे मालकांनी छातीवर हात ठेवून सांगावे. सोळा तास जागलेल्या माणसाचा रात्री तीन वाजता गाडी मागे घेताना अंदाज चुकला, तर त्यातला किती वाटा त्याचा आणि किती त्याला झोपू न देणाऱ्याचा? मुंशीच्या पानावर या प्रश्नाला जागा नसते. तिथे जुना, झिजलेला, रिमोल्ड टायर फुटतो आणि किंमत लागते नव्या टायरची.

विम्याकडे वळू, कारण या व्यवहारातला खरा लबाडपणा तिथे दडला आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मालकाच्या मर्जीवर आहे, आणि तो घेतानाही काटकसर होते. मालवाहू गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, हेडलाइट आणि रंगकाम यांचे नुकसान आपोआप धरलेले नसते. त्यासाठी आयएमटी 23 नावाचे कलम थोडा जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते. ही यादी पुन्हा वाचा: बंपर, दिवे, मडगार्ड, रंग. मुंशीच्या पानावरची यादीही हीच! जो हप्ता मालकाने वाचवला, त्याची भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून होते. म्हणजे विमा कंपनी झाला तो ड्रायव्हर, त्याला हप्ता कोणी दिला नाही, आणि दावा मात्र त्याच्याकडून शंभर टक्के वसूल झाला.

दुसरीही गोष्ट आहे. विमा कंपनी रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा धरते. जुन्या प्लॅस्टिकच्या बंपरला नव्याची पूर्ण किंमत ती देत नाही, कारण जुनी वस्तू गेली आहे, नवी नव्हे. ड्रायव्हरला हा हिशेब लागू नाही. त्याच्याकडून नव्या वस्तूची पूर्ण किंमत आणि वर मजुरी. मालकाने दावा केला असेल तर कंपनीचे पैसे त्याच्या खात्यात आलेलेच असतात, तरीही पगार कापला जातो, म्हणजे एकाच ओरखड्याचे दोनदा पैसे. दावा केला नसेल तर त्यालाही कारण असते: दावा न करणाऱ्याला पुढच्या हप्त्यात 20 टक्क्यांपासून सूट मिळते आणि ती वर्षागणिक वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट मालकाच्या खिशात राहावी म्हणून ड्रायव्हरच्या लेकरांच्या तोंडचा घास काढला जातो. धंद्यातला नफा तुमचा असेल तर धंद्यातली तूटही तुमची असली पाहिजे. गाडीने वर्षभर कमावले तेव्हा त्या कमाईत ड्रायव्हरला भागीदार केले नव्हते. मग बंपर दबला त्या दिवशीच तो भागीदार कसा झाला?

कायदा याबाबत मुका नाही, नव्हताही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने पगारातून काय कापता येईल याची यादी करून ठेवली आणि त्या यादीबाहेरची प्रत्येक कपात बेकायदा ठरवली. भाड्याने माल आणि प्रवासी वाहून नेणारी मोटार वाहतूक त्या कायद्याच्या कक्षेत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली आणि जुन्या कायद्यातली पगाराच्या मर्यादेची अट गेली; महिन्याला 24,000 पेक्षा जास्त मिळवणाऱ्याला आता बाहेर ठेवता येत नाही. नुकसानभरपाईची कपात दोन्हीकडे आहे, पण ती कशी, ते वाचा. वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी. नुकसान थेट त्याच्याच हयगयीने किंवा कसुरीने झालेले असावे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा एका रुपयाने जास्त नसावी. कपातीआधी कामगाराला कारण दाखवण्याची, म्हणजे आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली असावी. आणि कपातीची नोंद नोंदवहीत असावी. धंद्यावर रस्त्यात फिरणारी गाडी 'ताब्यात सोपवलेली वस्तू' ठरते की नाही, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. ती ठरते असे धरले, तरी बिलबुकाच्या फाडलेल्या पानाने यातली कोणती अट पुरी होते? एकही नाही.

शिवाय सगळ्या कपाती मिळून एका पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही. ज्या हिशेबात पगार शून्यावर येतो, तो हिशेब तिथेच बेकायदा आहे. बंपर कोणी दाबला हा प्रश्न त्यानंतरचा. आणि सोडून जाणाऱ्यासाठी संहितेने एक मोठी उणीव भरून काढली आहे. जुन्या कायद्यात मालकाने काढून टाकलेल्या कामगाराला दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत पगार द्यायची सक्ती होती, स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचे नाव तिथे नव्हते. नव्या संहितेच्या 17 व्या कलमात ते आले आहे. काढलेला असो, नोकरकपातीत गेलेला असो, राजीनामा दिलेला असो, दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार त्याच्या हातात पडला पाहिजे. "गाडी गॅरेजला दाखवू, मग बघू, दिवाळीनंतर ये" असे सांगण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. आणि ती 'काही येणे बाकी नाही' ची सही? पगारावरचा हक्क सोडून देणारा करार संहितेच्या 60 व्या कलमाने रद्दबातल ठरवला आहे. लायसन्स अडकवून घेतलेला तो कागद मालकाच्या पापाचा पुरावा तेवढा उरतो. लायसन्स जप्त करण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना दिला आहे. मालकाला आणि मुंशीला तो कोणी दिला?

हा लढा आजचा नाही, आणि मराठी माणसाने तरी हे विसरता कामा नये. मुंबईच्या गिरण्यांत कापड बिघडले की तेच कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची पद्धत होती. सूत कच्चे होते की साचा जुना होता, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, तशीच मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा हीही मागणी होती. महात्मा फुल्यांच्या या सहकाऱ्याने 'दीनबंधु'च्या पानांतून सांगितले ते साधे होते: केलेल्या कामाचा पैसा वेळेवर हातात पडणे हा उपकार नाही. सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पगाराच्या कपातीला लगाम घालायला मात्र आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने देशभर फिरून कामगारांच्या साक्षी घेतल्या. त्या आयोगावर ना. म. जोशी सदस्य होते. आयोगाने दंड आणि कपातींवर कायद्याचे बंधन मागितले, त्यातून 1936 चा कायदा आला आणि 28 मार्च 1937 पासून तो लागू झाला. तेव्हा रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, राजधानी नागपूर होती. म्हणजे या शहरात हा नियम जवळजवळ नऊ दशके जुना आहे. नऊ दशकांत तो भनपुरीच्या एका टेबलापर्यंत पोचला नसेल, तर त्याची लाज कोणाला वाटायला हवी?

छत्तीसगडच्या मातीलाही हे नवे नाही. राजनांदगावच्या गिरणी कामगारांनी 1920 मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या मागे उभे राहून संप केला होता. दल्ली राजहऱ्याच्या कंत्राटी खाण कामगारांना शंकर गुहा नियोगी यांनी संघटित केले आणि भिलाईत 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. खाणीला संघटना मिळाली, गिरणीला मिळाली. गाडीवरचा माणूस मात्र एकटाच राहिला, कारण त्याची कामाची जागाच रोज सरकत असते.

इतर देशांत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये रॉमफर्डच्या एका बर्फ कंपनीचा लॉरीचालक गाडी मागे घेत होता, त्याच कंपनीत कामाला असलेले त्याचे वडील गाडीखाली सापडून जखमी झाले. भरपाई विमा कंपनीने दिली, आणि मग त्याच विमा कंपनीने मालकाच्या नावावर त्या चालकावर दावा ठोकला. 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी चालकाला देणेकरी ठरवले. निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला, पण त्यावर एवढा गहजब झाला की विमा कंपन्यांनी आपसांत ठरवून असे दावे करणे सोडून दिले. संगनमत किंवा मुद्दाम केलेला गैरप्रकार असेल तरच अपवाद. जर्मनीने पुढचे पाऊल टाकले. तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 1994 पर्यंत नियम पक्का केला: किरकोळ चूक असेल तर कामगाराकडे काहीच मागायचे नाही, मध्यम असेल तर दोघांत वाटून, घोर हयगय किंवा हेतुपुरस्सर नुकसान असेल तरच सारा भार त्याच्यावर. धंद्याची जोखीम मालकाची, मालकाला विमा काढता आला असता का, कामगाराचा पगार किती, हे सारे तिथे तोलले जाते. उलट ब्रिटनचा 1996 चा कायदा पाहा. दुकानातल्या नोकराच्या पगारातून तुटीपोटी दर वेळी 10 टक्क्यांपेक्षा जास्त कापायचे नाही असे तो म्हणतो, आणि शेवटच्या पगाराला मात्र ते छत्र काढून घेतो. जाणाऱ्या माणसाला उघड्यावर सोडण्याची खोड तिथेही आहे. ती उचलण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या कायद्यात निम्म्याची मर्यादा शेवटच्या पगारालाही आहे.

मालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. एकच गाडी असलेला, बँकेचा हप्ता डोक्यावर असलेला मालकही या शहरात आहे. दारू पिऊन गाडी ठोकणारा ड्रायव्हर असतो, डिझेल काढून विकणारा असतो, गाडी ढाब्यावर टाकून पळून जाणाराही असतो. अशा माणसाकडून भरपाई जरूर घ्या. लेखी नोटीस द्या, गॅरेजचे बिल जोडा, गाडीतल्या जीपीएसची नोंद दाखवा, त्याचे उत्तर घ्या, दोन साक्षीदारांसमोर ऐकून घ्या, नोंदवहीत लिहा आणि निम्म्याच्या मर्यादेत कापा. उरलेल्यासाठी दिवाणी न्यायालय उघडे आहे. चोरी असेल तर पोलीस ठाणे आहे. हे सारे करायला एक आठवडा आणि चार कागद लागतात. ज्याच्याकडे खरा पुरावा आहे, त्याला या चार कागदांची भीती का वाटावी? आणि नुकसान मार्चमध्ये झाले असेल तर नोटीस मार्चमध्येच का निघाली नाही? एका चोर ड्रायव्हरचे नाव पुढे करून दहा प्रामाणिक ड्रायव्हरांचा पगार कापणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय, आणि छोट्या मालकाच्या अडचणीची ढाल करून पन्नास गाड्यांचे मालक हा खेळ खेळत आहेत, हे तर अधिकच संतापजनक आहे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. रायपूरच्या मराठी समाजाला वाटत असेल की हा ट्रान्सपोर्ट नगरच्या सेठांचा प्रश्न आहे, तात्यापारा, बूढापारा आणि चौबे कॉलनीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्यात शाळेच्या बसगाड्या चालवणारे आहेत, टूर-ट्रॅव्हल्सवाले आहेत, कारखान्यांत गाड्यांचा हिशेब ठेवणारे मॅनेजर आणि अकाउंटंट तर कितीतरी आहेत. कपातीचे ते पान ज्याच्या हाताने लिहिले जाते, तो हात कधी कधी आपला असतो. आणि घरच्या गाडीवर ठेवलेला ड्रायव्हर? घर ही आस्थापना नाही, म्हणून वेतन संहितेचे संरक्षण त्याच्यापर्यंत सरळ पोचत नाही. तिथे कायद्याचा निरीक्षक येणार नाही. तिथे प्रश्न फक्त आपल्या माणुसकीचा आहे, आणि तिथेही मॉलच्या पार्किंगमध्ये लागलेल्या ओरखड्याचे पैसे महिन्याच्या शेवटी कापून घेताना सुशिक्षित घरांचा हात थरथरत नाही. गाडीचा विमा असतो, तरीही. सूट बुडेल म्हणून दावा करायचा नाही आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "भाऊ, अर्धे तुम्ही द्या." ज्या माणसाच्या भरवशावर आपण मुलीला क्लासला पाठवतो आणि आईला रात्री दवाखान्यात नेतो, त्याच्यावर आपला तीन हजारांपुरताही विश्वास नसावा, याची आपल्याला शरम वाटली पाहिजे.

याच तात्यापाऱ्यात माधवराव सप्रे राहिले. मातृभाषा मराठी, लेखणी हिंदीची. 1900 मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' काढणारा आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारा हा संपादक. 1901 मध्ये त्यांनी लिहिलेल्या 'एक टोकरी भर मिट्टी' या कथेत एक जमीनदार वकिलांच्या जोरावर विधवेची झोपडी कायदेशीररीत्या बळकावतो, आणि त्याच झोपडीतली टोपलीभर माती त्याला उचलवत नाही. त्या जमीनदाराला निदान शेवटी पश्चात्ताप झाला आणि त्याने झोपडी परत केली. आमच्या वाचनात आलेल्या या प्रकारांत पगार परत करणारा सेठ अजून दिसलेला नाही. सप्र्यांची जयंती आणि पुण्यतिथी साजरी करणाऱ्या रायपूरकर मराठी माणसाने ती कथा आपल्या ड्रायव्हरच्या हिशेबाच्या आदल्या रात्री वाचावी.

राज्याच्या श्रम खात्याला आम्ही विचारतो: रावांभाठ्याच्या ट्रान्सपोर्ट नगरात तुमचा निरीक्षक कपातींची नोंदवही तपासायला शेवटचा कधी गेला होता? संहितेने त्याच्या पदनामात 'सुविधाकार' हा शब्द जोडला आहे. ती सुविधा आजवर मालकाला मिळत आली, आता कामगाराला मिळू द्या. नोंदवही न ठेवण्यासारख्या पहिल्या गुन्ह्याला खटल्याआधी सुधारण्याची संधी द्यावी असे संहिता म्हणते. ठीक आहे, द्या. पण संधी द्यायलाही आधी दारात जावे लागते. कमी पगार देणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हे आकडे प्रत्येक वाहतूक कार्यालयाच्या भिंतीवर हिंदीत आणि छत्तीसगडीत रंगवून घेण्याचा आदेश काढा. शून्यावर आणलेल्या पगाराच्या एका प्रकरणात दहापट भरपाई मिळू द्या आणि ती बातमी टाटीबंधच्या चहाच्या टपरीवर पोचू द्या. मग मुंशीची वही आपोआप सरळ होईल.

वाहतूकदारांच्या संघटना भाडेवाढीसाठी, डिझेलच्या दरासाठी, टोलसाठी रस्त्यावर येतात. जानेवारी 2024 मध्ये नव्या न्यायसंहितेतील अपघाताच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि या माणसावाचून देश दोन दिवसही चालत नाही हे सगळ्यांनी पाहिले. ज्याच्या हातावर देश चालतो, त्याच्या हिशेबाची पद्धत या संघटनांनी आपल्या सभासदांवर बंधनकारक करावी: गाडी ताब्यात देताना चारही बाजूंचे फोटो, परत घेताना चारही बाजूंचे फोटो, दोन्ही वेळा दोघांच्या सह्या, आणि एक प्रत ड्रायव्हरकडे. मालवाहू गाडीच्या विम्यात आयएमटी 23 जोडून घेणे ही सभासदत्वाची अट करावी. मूळ लायसन्स ठेवून घेणाऱ्या सभासदाला काढून टाकावे. यांतल्या एकाही गोष्टीने कोणाचा धंदा बुडणार नाही.

आणि ज्याचा पगार आज अडकला आहे त्या भावाला आमचे सांगणे असे. कोऱ्या किंवा शून्याच्या पानावर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली 'कपात मान्य नाही' एवढे तीन शब्द लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. नोकरी सोडल्याची तारीख मालकाला संदेशातून कळवा, म्हणजे दोन दिवस कधी संपले याला पुरावा राहील. फेऱ्यांच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, टोलचे संदेश जपून ठेवा. मग सहायक श्रमायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. दाव्याला संहितेने तीन वर्षांची मुदत दिली आहे, तुमच्या वतीने कामगार संघटनेलाही अर्ज करता येतो, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी 59 व्या कलमाने मालकावर टाकली आहे. तुमच्याकडे कागद नाही म्हणून गप्प बसू नका. कागद दाखवायचा आहे तो त्याने. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने आठवड्यातली एक संध्याकाळ आपले सभागृह या अर्जांसाठी उघडावे, शहरातल्या मराठी वकिलांनी तिथे बसून ते विनामूल्य लिहून द्यावेत, आणि अर्जदाराची भाषा मराठी आहे, हिंदी आहे की छत्तीसगडी, हे दारात विचारू नये. पहिला अर्ज याच महिन्यात पडला पाहिजे.